दिवा चार्ज कोण करणार?

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इकडे घड्याळं एक तास मागे जातात. शनिवारी सहाच्या सुमारास मावळलेला सूर्य रविवारी पाचलाच मावळतो. दिवाळीही याच दिवसांत येते. तिकडे सांगलीला आई पणत्या पाण्यात भिजत घालते आणि इकडे मी सायकलींचे दिवे चार्जिंगला लावते.

आम्ही एर्लांगनला आलो त्याला आता नऊ वर्षं झाली. त्याआधी मी सांगलीत एका हायस्कूलमध्ये पाच वर्षं मराठी शिकवत होते. इथे आल्यावर एम.ए.ची पदवी कपाटात गेली आणि हातात सायकल आली. या गावाला सायकलचं वेड जुनं आहे. डीटमार हालवेग १९७२ पासून १९९६ पर्यंत इथले महापौर होते आणि त्यांनी सायकलसाठी वाटा करून ठेवल्या. भाजी, डॉक्टर, जर्मनचा क्लास, सगळं मी सायकलवरच करते. कुणाला "मला सोडायला येता का?" असं विचारावं लागत नाही, हे या देशात मला मिळालेलं पहिलं सुख.

पहिल्याच हिवाळ्यात मात्र एका संध्याकाळी पोलिसांनी थांबवलं. माझा पुढचा दिवा विझलेला होता. बॅटरी संपली होती आणि मला पत्ताच नव्हता. वीस युरो दंड भरला. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "अगं, रात्री चार्जिंगला लावायचा ना!" तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं ते आलंच. ओट्याच्या कोपऱ्यात फोन, घड्याळं, टॅब्लेट यांच्या रांगेत सायकलींचे सहा दिवेही येऊन बसले. तीन पुढचे, तीन मागचे.

गेल्या वर्षी लेक दहा वर्षांची झाली. इथल्या आयांना या वयाचा अर्थ चांगला कळतो. आठ पूर्ण होईपर्यंत मुलांनी फुटपाथवरून किंवा रस्त्यापासून वेगळ्या बांधलेल्या सायकलमार्गावरूनच सायकल चालवायची असते, दहा पूर्ण होईपर्यंत फुटपाथची मुभा असते, आणि त्यानंतर मोठ्यांसारखं रस्त्यावरून किंवा सायकलच्या मार्गावरून जायचं. चौथीत पोलीस आणि शाळा मिळून मुलांची सायकलची परीक्षा घेतात. हात दाखवून वळणं, कोणाला आधी जाऊ द्यायचं हे तर असतंच, पण सायकलही तपासतात: दोन ब्रेक, घंटी, दिवे, परावर्तक. लेक पास झाली आणि पाचवीपासून दर गुरुवारी संध्याकाळी एकटी गाण्याच्या क्लासला जाऊ लागली. आम्ही राहतो ब्यूखेनबाखमध्ये, क्लास गावात. मधे रेगनिट्स नदीची कुरणं. दिवसा तिथे बगळे दिसतात. नोव्हेंबरात साडेसहाला स्वतःच्या सायकलच्या उजेडापलीकडे फारसं काही दिसत नाही.

त्या नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी सात वाजून गेले तरी ती आली नाही. एरवी पावणेसातला दारात असते. पाच मिनिटं मी स्वतःला समजावलं. मग जाकीट अंगावर टाकलं आणि चक्क धावत सुटले. सायकल काढायचंही सुचलं नाही. वाटेत समोरून एक बारीक सावली येताना दिसली. लेक सायकल हातात धरून, अगदी कडेने चालत येत होती. दिवा मधेच गेला, मग चालवायची नाही असं शाळेत शिकवलंय, म्हणून ती उतरली होती. तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी तिला जवळ घेतलं, आणि ती शांतपणे म्हणाली, "आई, तू चार्ज केला नव्हतास."

आधी मला रागच आला. मी कुणाकुणाचं काय काय लक्षात ठेवायचं? रात्री भांडी आवरताना तो राग ओसरला आणि भीती वाटली. आपण लेकीला एकटं पाठवलं, तिच्यावर विश्वास टाकला, असं मी सगळ्यांना अभिमानाने सांगत होते. पण तिच्या वाटेवरचा उजेड माझ्या आठवणीवर टांगलेला होता. मी एकदा विसरले की ती अंधारात.

नाहीतरी तिला सायकल लहान पडू लागली होती. नाताळाच्या आधी नवीन घ्यायची ठरली आणि घरात वाद सुरू झाला. दुकानात दोन सायकली पसंत पडल्या. एक हलकी, दिवे नसलेली. तिला बॅटरीचे दिवे लावायचे. दुसरी थोडी जड, पण पुढच्या चाकाच्या हबमध्येच डायनामो बसवलेला.

नवरा बॅटरीच्या बाजूचा. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बॅटरीचे दिवे स्वस्त, या सायकलचे काढून त्या सायकलला लावता येतात, मोडले तर दुसरे घ्यायचे. डायनामो बिघडला तर चाक खोलावं लागतं. शिवाय पोरीला दोन मजले खाली तळघरातून सायकल वर आणायची असते, तिथे एकेक किलो जाणवतो. कायद्याचीही आता अडचण नाही. पूर्वी जर्मनीत साध्या सायकलला डायनामोच लागायचा, २०१३ साली बॅटरीच्या दिव्यांनाही परवानगी मिळाली. फक्त मान्यतेचा शिक्का हवा आणि दिवा लुकलुकणारा नको.

माझ्या मनात डायनामो म्हटलं की बाबांची सायकल. बाबा साखर कारखान्यात होते. गळीत हंगामात दुसरी पाळी संपवून रात्री साडेबाराला यायचे. मागच्या टायरला घासणाऱ्या त्या बाटलीसारख्या डायनामोची घरघर गल्लीच्या तोंडाशी आली की आई आमटी गरम करायला ठेवायची. लोडशेडिंगच्या दिवसांत दादा सायकल स्टँडवर लावून हाताने पेडल फिरवायचा आणि मी त्या थरथरत्या पिवळ्या उजेडात पाढे म्हणायचे. दादाचा हात दुखला की सतरा सक्कं अंधारात.

म्हणून मी बाबांना फोन लावला. वाटलं, ते डायनामोचीच बाजू घेणार. ते हसले. "अगं, कसला डायनामो! पावसात टायर ओला झाला की नुसता घसरायचा, दिवा बंद. उतारावर सायकल जोरात सुटली की बल्ब उडायचा. चौकात थांबलं की अंधार. आणि चालवताना असं वाटायचं, मागं कुणीतरी बसलंय." मग म्हणाले, "तरी तीस वर्षं वापरला. सेल संपलेत का, हे तुझ्या आईला कधी विचारावं लागलं नाही."

ते सहज बोलून गेले. मी मात्र फोन ठेवल्यावर ओट्यावरच्या त्या रांगेकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुकानात बाबांच्या एकेक तक्रारी घेऊन गेले. दुकानदाराने पुढचं चाक उचलून हाताने फिरवलं. आवाज नाही. हबच्या आत चुंबक आणि तारेची गुंडाळी. टायरला काही घासतच नाही, त्यामुळे पाऊस असो की बर्फ, घसरायचा प्रश्न नाही. चाकाला थोडा जोर लागतो, पण बाबांच्या 'मागे बसलेल्या माणसा'इतका नाही. बल्बच्या जागी एलईडी आला, त्याला कमी विजेत भरपूर उजेड पडतो. आणि त्याने चाक थांबवलं तरी दिवे मंद तेवत राहिले. आत छोटा कपॅसिटर असतो, तो चालताना भरतो आणि थांबल्यावर काही मिनिटं पुरतो. म्हणजे सिग्नलला उभं असताना मागच्या गाडीला आपण दिसतो.

तेवढ्यात लेकीने विचारलं, "म्हणजे हा मी चार्ज करायचा?"

"तू चालवलीस की होतो," दुकानदार म्हणाला.

आम्ही जड सायकल घेतली. नवऱ्याने आपले बॅटरीचे दिवे ठेवले. त्याची सायकल हलकी, रविवारी दिवसा फिरवायची. तिला डायनामो कशाला? फक्त आता ते दिवे तो स्वतः चार्ज करतो. पहिल्या महिन्यात दोनदा विसरला, मी काही बोलले नाही. माझी सायकल जुनी, चाक बदलायचा खर्च मोठा, म्हणून माझेही दिवे बॅटरीचेच आहेत. लेकीच्या दप्तरात एक छोटा बॅटरीचा दिवा पडून असतो, वायर तुटली तर असावा म्हणून. तो तिचा ती बघते. बाबाही पावसाळ्यात खिशात विजेरी ठेवायचेच.

आता तिला अकरावं संपत आलंय. गुरुवारी पावणेसातला मी अजूनही खिडकीशी जाते. बाबांसारखी घरघर ऐकू येत नाही, डायनामो मुका आहे. पण वळणावर उजेड दिसतो. ती सायकल अंगणात लावते, जिना चढून येते, बूट भिरकावते आणि चकलीचा डबा उघडते. खाली तिच्या सायकलचा मागचा लाल दिवा अजून तेवतच असतो. तो विझेपर्यंत मी उगीचच बघत उभी राहते.