सैतानाचा पहिला प्रश्न

नेपल्सजवळ पोर्तिचीच्या पडक्या अवशेषांत एक तरुण स्पॅनिश अधिकारी रात्री रिंगण आखून उभा राहतो आणि सैतानाला हाक मारतो. वरची खिडकी धाडकन उघडते, उजेडाचा लोट येतो आणि आत डोकावतं उंटाचं मुंडकं. भलंथोरलं, लांब कानांचं, ओंगळ. ते धमकी देत नाही. गर्जून एवढंच विचारतं, की तुला हवंय तरी काय. झाक काझोत या फ्रेंच लेखकाच्या १७७२ सालच्या छोट्याशा कादंबरीतला हा प्रसंग. तिच्या नावाचा अर्थच ‘प्रेमात पडलेला सैतान’.

त्या अधिकाऱ्याची, अल्वारोची, बोबडी वळायची तेवढी राहते, पण तो उसनं अवसान आणून हुकूम सोडतो. उंटाचं कुत्रं होतं, कुत्र्याचा हुजऱ्या होतो आणि हुजऱ्याची होते बियोंदेत्ता. ती सांगते, मी तुझ्यासाठी माणसाचा देह घेतला. इतकी देखणी, इतकी लाघवी पोरगी पदरात पडली असताना हा गडी म्हणतो काय, तर लग्न आईच्या संमतीशिवाय नाही! बियोंदेत्ता रडते, रुसते, पोरका चेहरा करून बसते. साहेब निघाले एस्त्रेमादुराला, आईचा आशीर्वाद आणायला. मुलगी बघून आल्यावर ‘आईला विचारून कळवतो’ म्हणणारे आपल्याकडचे सगळे सुपुत्र मला इथे आठवले. अखेर घर जवळ आलेलं असताना, वाटेतल्या एका शेतकऱ्याकडच्या लग्नाच्या धामधुमीत, त्याचा तोल जातो. मग ती आपलं खरं नाव सांगते, बील्झेबब. पुन्हा तोच उंट.  

सैतानाच्या प्रेमकथा आज ढिगांनी लिहिल्या जातात. माझी भाची ठाणे ते दादर लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवर त्या वाचते. त्यांतला सैतान उंची सूट घालतो, त्याचे स्वतःचे क्लब असतात, त्याला बघून शहर चळचळा कापतं आणि नायिकेपुढे मात्र तो विरघळतो. मी नाक मुरडलं तेव्हा ती म्हणाली, “मावशी, निदान तो तिला विचारतो तरी, तुला काय हवंय म्हणून.” मला पटकन उत्तर सुचलं नाही. पोर्तिचीचा उंट तिच्या गावीही नाही आणि तिने नेमकं त्याच्यावरच बोट ठेवलं होतं.

काझोतच्याही आधीच्या जुन्या कथांत ही विचारायची रीत नव्हती. बायबलच्या परंपरेतल्या तोबीतच्या पुस्तकातला सैतान अस्मोदियस सारा नावाच्या मुलीवर आसक्त असतो आणि तिच्या सात नवऱ्यांना पहिल्याच रात्री मारून टाकतो. माशाचं काळीज आणि यकृत जाळून केलेल्या धुरीने त्याला पळवून लावावं लागतं. त्याने साराला काही विचारल्याची नोंद नाही. रशियन कवी लेर्मोंतोवच्या ‘दानव’ काव्यात सैतान बोलायला लागतो. जॉर्जियाची राजकन्या तामारा, लग्नाला येताना वाटेतच मारला गेलेला तिचा वर, मग मठातली कोठडी आणि तिथे रात्री ऐकू येणारा त्याचा आवाज. ती त्याला शपथ घालते, तो आकाशपाताळ एक करून शपथा घेतो, आणि त्याच्या पहिल्या चुंबनाने ती मरते. देवदूत तिचा आत्मा घेऊन जातो. दानव होता तसाच एकटा. लेर्मोंतोव पोरवयापासून दहा वर्षं हे काव्य पुन्हापुन्हा लिहीत राहिला. १८४१ मध्ये द्वंद्वयुद्धात गेला तेव्हा ते छापलेलंही नव्हतं. पुढे चित्रकार व्रुबेलला याच दानवाने पछाडलं. १९०२ मध्ये कोसळलेल्या दानवाचं चित्र प्रदर्शनात टांगलेलं असताना तो भल्या सकाळी येऊन त्याचा चेहरा बदलत बसायचा. त्याच वर्षी त्याला मनोरुग्णालयात न्यावं लागलं.

भाचीच्या कादंबऱ्यांत कुणाला काही मोजावं लागत नाही, ही माझी खरी तक्रार. शेवटच्या प्रकरणापर्यंत सैतान मवाळ होतो, घरी वेळेवर येतो. मग श्रीमंत, थोडासा तापट नवरा आणि हा, यांत फरक काय उरला?

राजस्थानी लेखक विजयदान देथांच्या ‘दुविधा’ या कथेत सैतान नाही, झाडावरचं भूत आहे, पण ते या साऱ्यांना भारी पडतं. नवरा लग्नाच्या रात्रीही हिशेबाच्या वहीत डोकं घालून बसतो आणि पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. भूत त्याचं रूप घेऊन येतं, आणि नव्या नवरीला फसवणं सहज शक्य असताना खरं काय ते सांगून टाकतं. ठरव तू. पुढे एक धनगर त्या भुताला पाण्याच्या पखालीत कोंडतो आणि बाईच्या वाट्याला पुन्हा तोच नवरा येतो. अमोल पालेकरांनी २००५ मध्ये याच कथेवर ‘पहेली’ हा सिनेमा करताना भुताला सोडवलं. प्रेक्षक म्हणून मी सुखावले, वाचक म्हणून नाही.

मला सगळ्यांत आवडतो तो सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नरच्या ‘लॉली विलोज’ या कादंबरीतला सैतान. साल १९२६. भावाच्या घरी वर्षानुवर्षं पोरं सांभाळलेली अविवाहित लॉरा पंचेचाळिशी उलटल्यावर उठते आणि खेड्यात एकटी राहायला जाते. पुतण्या तिथेही येऊन बसतो; पुन्हा त्याचं दूध, त्याचा चहा, त्याची उस्तवार. कावलेली लॉरा मोकळ्या माळावर मदत मागते. घरी परतते तर खोलीत मांजराचं एक पिल्लू. ते ओरखडतं, रक्ताचा थेंब येतो, करार झाला. मग पुतण्याचं दूध नासू लागतं, त्याच्यावर गांधीलमाश्या तुटून पडतात, आणि तो लग्न ठरवून चालता होतो. सैतान तिला भेटतो तो रानाच्या राखणदाराच्या वेशात, कधी माळी होऊन. गप्पा मारतो आणि निघून जातो. तिला हवं होतं ते हेच, कुणी मध्ये येऊ नये.

लोकलमध्ये हे पुस्तक मी भाचीच्या हातात ठेवलं. तिने मागचं कव्हर वाचून विचारलं, “शेवटी दोघं एकत्र येतात ना?”

“नाही.”

“मग सैतान कशाला लागतो?”

त्या पुतण्याला घालवायला, मी म्हटलं. तिने पुस्तक पर्समध्ये टाकलं. दादर येत होतं.