धुतल्यावर कळेल

बगरूला जाण्याआधी मी कागदावर रंग ओतून पाहिला असता, तर पहिल्याच खेपेला नाद सोडला असता. जयपूरहून अजमेर रस्त्याने तीसेक किलोमीटरवर हे छिपांचं, म्हणजे कापडावर ठसे छापणाऱ्यांचं गाव. तिथे दाबूचं काम पाहत मी अख्खी सकाळ बसले. काळी माती, चुना, डिंक आणि किडक्या गव्हाचा भुगा कालवून केलेला लगदा लाकडी ठशाने कापडावर उठवायचा, ओला असतानाच वर लाकडाचा भुसा भुरभुरायचा आणि कापड उन्हात टाकायचं. जिथे माती, तिथे नीळ पोचत नाही. निळीच्या हौदातून कापड वर आलं ते हिरवट. वारा लागला तसं डोळ्यांदेखत निळं झालं. हे फिकं निळं जिथे राखायचं तिथे पुन्हा दाबू, पुन्हा बुडी. शेवटी धुतलं की पांढरं, फिकं आणि गडद, तिन्ही एकदम उघडं पडतं. एका वयस्कर छिपाला मी विचारलं, मध्येच काही बिघडलं तर? "धोने पर पता चलेगा," ते म्हणाले आणि पुढचा ठसा उचलला.

जलरंग मी तीस वर्षं करते आहे. कोल्हापुरात आबालाल रहिमान यांची कोटितीर्थाची चित्रं पाहिली आणि या माध्यमात ओढली गेले. इतकी वर्षं कागदाचा पांढरा राखला तो ब्रशने, जागा सोडत, हात आवरत. रंग ओतून करायच्या चित्रात हात आवरायची सोयच नाही. अमेरिकेतल्या जीन ग्रास्टॉर्फ या चित्रकर्तीचं नाव या पद्धतीशी जोडलेलं आहे. आधी मास्किंग फ्लुइडने उजळ जागा झाकायच्या, ओल्या कागदावर पातळ रंग थेट ओतायचा, वाळला की त्याहून एक पायरी गडद जागा झाकायच्या आणि पुन्हा ओतायचं. म्हणजे दाबूच की! कापडाऐवजी कागद, मातीऐवजी रबराचा चीक.

विषय घेतला आमेरची पायऱ्यांची विहीर, पन्ना मीना कुंड. खाली उतरायला मनाई, म्हणून वर कठड्याशी बसून रेखाटन केलं. त्या आडव्यातिडव्या पायऱ्यांवर सकाळचं ऊन पडतं तेव्हा पायरीचा माथा उजळतो आणि बाजू सावलीत राहते. पायऱ्या मोजायला गेलं तर डोळे फिरतील, छटा मात्र चारच. या कामाला याहून चांगला विषय जयपुरात नाही, हवामहलसुद्धा नाही. त्याचे ९५३ झरोके झाकत बसलं तर चित्राची नुसती नक्षी होईल.

पहिला कागद सांगानेरचा हातकागद होता, हाताला फार सुरेख. पण मी उचलला तो कार्डांसाठी केलेला, खळ अगदी कमी. फ्लुइड सोलताना कागदाचाच पापुद्रा निघाला. निवड माझी चुकली. दुसऱ्या वेळी ३०० जीएसएमचा पूर्ण सुती जलरंगाचा कागद बोर्डावर ताणून बसवला. ब्रश आधी साबणात, मग फ्लुइडमध्ये, नाहीतर त्याचे केस कायमचे चिकटतात. अमोनियाचा वास नाकात भरलेला, आणि पायरीमागून पायरी झाकत दोन तास गेले.

तीन वाट्यांत पिवळा, गुलाबी आणि कोबाल्ट निळा कालवला. जयपूरची हवा कोरडी. स्प्रेने भिजवलेला कागद बघता बघता सुकायला लागतो, म्हणून घाई. पिवळा वरच्या कोपऱ्यातून सोडला, तो पायऱ्यांवरून खाली धावला. गुलाबी त्याला भिडला तिथे केशरी झाला, आणि निळा मिसळला तिथे सावलीतल्या दगडाचा जांभळट करडा आपोआप तयार झाला. पॅलेटवर तो करडा मला इतका जिवंत कधी साधलेला नाही. बोर्ड तिरपा करून जादा पाणी परातीत सोडलं. खालच्या कडेला जो थेंब साचतो तो टिपत राहावं लागतं. विसरलं तर तो परत कागदात शिरतो आणि डाग पडतो.

दुसरं ओतणं वाळलं तेव्हा कागद बघवेना. चिकाच्या पिवळट पापुद्र्यांवर करडे ओघळ, कुंडाचा पत्ता नाही. ब्रश घेऊन सावरावंसं फार वाटलं. त्या छिपांचं वाक्य आठवलं आणि हात मागे घेतला. तिसरं ओतणं केलं.

रात्री बोटाने चीक सोलायला बसले. रबराच्या दोऱ्या निघत गेल्या आणि पायऱ्या एकेक करून वर आल्या, सगळ्यांवर एकच सकाळ पसरलेली. एक माथा झाकायचा राहून गेला होता. तो निळा झाला आहे, तसाच ठेवला. कडा सगळ्याच करकरीत आल्या आहेत, तळाच्या पाण्याला ते शोभत नाही. तेवढं पाणी ब्रशनेच करायला हवं होतं. पण उजेड असा एका दमात मला ब्रशने आणता आला नसता.

करून पाहणार असाल तर एवढं सांभाळा: दाबूला ऊन लागतं, पण फ्लुइड लावलेला कागद उन्हात नेऊ नका आणि दिवसेंदिवस तसाच ठेवू नका, चीक कागदाला धरून बसतो. आणि मधल्या टप्प्यात कागद कितीही मळका दिसला, तरी शेवटचं ओतणं होऊन पूर्ण वाळेपर्यंत काहीही सोलू नका.