मानवशास्त्राची उचल

मानवशास्त्र शिकून पोट भरतं का? हा प्रश्न मला सगळेच विचारतात. दोस्त विचारतात, मावशी विचारते, बँकेतला साहेबही विचारतो. प्रश्न खोटा नाही. आपल्या वस्तीत एका पोराच्या शिक्षणावर घरातल्या चार तोंडांची भाकरी टांगलेली असते. तेव्हा हिशोबच मांडू. हिशोबाला लाजायचं काय कारण?

परदेशातल्या एका विद्यापीठानं मला मानवशास्त्राच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश दिलाय. फी, खोली, खाणं, विमान धरून कमी पडतात वीस लाख. समजा बँकेनं ते दहा टक्क्यांनी दिले. शिकतानाची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही. पण व्याज काही झोपत नाही. सगळी रक्कम पहिल्याच दिवशी उचलली असं धरलं तर तीन वर्षांचं सरळ व्याज सहा लाख. विसाचे सव्वीस झाले. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला ३४ हजारांच्या वर हप्ता.

आता दुसरी बाजू. नोकरी कुठं? सरकारच्या मानवशास्त्रीय सर्वेक्षणात मोजक्या जागा. संस्थांचे प्रकल्प असतात. प्रकल्प संपला की पगार संपला. कॉलेजात शिकवायचं तर तासिका तत्त्व. तास घेतला तर पैसा, सुट्टीत ठणठण. नेट देऊन जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार. म्हणजे ज्याचं नशीब सगळ्यात जोरावर त्याच्याही हातात हप्ता भरून तीन हजार उरत नाहीत. त्यात खोली, मेस, घरी पाठवायचं, सगळं.

माझ्या बापाला एवढी आकडेमोड लागलीच नाही. तो ऊसतोड्या. तो आन् माय मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम उचल देतो, मग थंडीभर ऊस तोडून ती फेडायची. नाही फिटली तर बाकी पुढच्या सालाला. माणूस थकतो, बाकी थकत नाही. सगळं ऐकून बा एवढंच म्हणला, “म्हंजी उचल घ्यायची, आन् फोडायला फडच नाई?”

मानवशास्त्रातल्या रोजगारावर याहून नेमकं मी कुठं वाचलेलं नाही.

बँकेचंही ऐका. साडेसात लाखांच्या पुढं तारण लागतं. साहेब म्हणाला, शेत आहे का? आहे की! आजानं गायरान फोडून केलेलं. १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर तो तुरुंगात गेला होता. तीन पिढ्या कसतोय. पण सातबारा सरकारच्या नावावर. बँकेच्या लेखी ती जमीनच नाही. आमचा घाम तारण म्हणून चालत नाही.

मग सोड की हा विषय, असं म्हणणारे आहेत. त्यांना सांगतो, हा विषय आपल्याला सोडत नाही. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त रिस्ले या देशातल्या माणसांची नाकं मोजत होता. जेवढं नाक रुंद तेवढी जात खालची, असा त्याचा सिद्धान्त. आपण मोजले जाणारे. पट्टी दुसऱ्याच्या हातात. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझरच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात पंचविशीतल्या बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला, आणि पट्टी पहिल्यांदा आपल्या हातात आली. पुढं १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ मध्ये त्यांनी नाकांचेच आकडे घेतले आणि वंशभेदातून अस्पृश्यता आली हा सिद्धान्त मोडून काढला. एवढं त्या विद्येचं मोल आहे.

पण मित्रांनो, कोलंबियाचे पैसे कुणी दिले? बडोदा संस्थानानं. बदल्यात दहा वर्षं नोकरीचा करार. १९१७ मध्ये करार पाळायला बाबासाहेब बडोद्याला गेले तर राहायला खोली मिळेना. १९२० ला पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगाराची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज, यांवर. उचल त्यांनाही ठाऊक होती.

आज काय चाललंय? अनुसूचित जातींच्या पोरांसाठी केंद्राची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. २०२२ मध्ये तिच्या नियमांत एक ओळ घुसवली. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय बाद. डॉक्टर व्हा, इंजिनिअर व्हा. जातीवर बोलू नका. त्या नियमाखाली १९१६ चा तो निबंधही बाद झाला असता! आपल्यावर आपणच लिहायचं तर घर विकून लिहा, असा याचा अर्थ. ज्याच्या बापाकडं सातबारा आहे तो आपल्यावर लिहील. आपण त्याला मुलाखत देऊ.

मी कर्जावर सही करणार नाही. सहकर्जदार म्हणून बापाचा अंगठा लागणार होता. त्या अंगठ्यावर आधीच मुकादमाची बाकी आहे. परदेशाचा प्रवेश सोडतोय. सोडताना आतडं पिळतंय, ते लपवत नाही. पण विषय सोडत नाही. इथल्याच विद्यापीठात, फ्रीशिपवर, वसतिगृहात राहून एम.ए. करीन. फेलोशिपसाठी अभ्यास करीन. फेलोशिप रखडली तर रस्त्यावर बसायची सवय आपल्याला आहेच.

आणि ज्यांना घरच्या गरजेपोटी नर्सिंग, आयटीआय, बी.एड. करायचंय त्यांना कमी लेखू नका. पोट आधी. पण ज्या पोरीला, ज्या पोराला हाच विषय हवाय त्याला ‘परवडत नाही’ म्हणून गप्प करू नका. परवडत का नाही ते विचारा. ती २०२२ ची ओळ वस्तीत वाचून दाखवा, तिच्याविरुद्ध सह्या गोळा करा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अर्जाची मुदत, ज्याला हे ठाऊक आहे त्यानं दर रविवारी विहारात बसावं आणि पोरांचे फॉर्म भरून द्यावेत. आमच्या वस्तीत या रविवारपासून मी बसतोय.