पितळखोऱ्याचा राजवैद्य आणि बँकॉकचे जेतवन

चाळीसगाव म्हटले की बाहेरगावच्या माणसाला धुळ्याकडे फाटा फुटणारे रेल्वे जंक्शन आठवते, कलाप्रेमींना केकी मूस यांचे घर आठवते आणि भाविकांना पाटणादेवी. गावापासून सुमारे अठरा किलोमीटरवर, सातमाळा डोंगररांगेच्या कुशीत हे देवीस्थान आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापल्याचे सांगणारा शिलालेख याच परिसरातला. शेजारच्या कण्हेरगडाच्या अंगावर ‘नागार्जुनाची कोठडी’ या नावाने ओळखले जाणारे लेणे आहे. नाव नागार्जुनाचे असले तरी आत प्रतिमा तीर्थंकरांची आहे. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे दर्शनाला जातात, देवीपाशी थांबतात आणि हे जैन लेणे न पाहताच परततात.

याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, गौताळा अभयारण्याच्या हद्दीत, पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. चाळीसगावहून औट्रम घाट चढून कन्नडच्या बाजूने तेथे जाता येते. इसवी सनाच्या आधीच्या शतकांत कोरलेली ही लेणी अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या काळातली. उज्जयिनीकडून खानदेशातून प्रतिष्ठानकडे, म्हणजे आजच्या पैठणकडे, जाणारा व्यापारी मार्ग या डोंगररांगेतील खिंडीतून उतरत असे. येथील दानलेख वाचले की त्या वाटेवरची माणसे समोर उभी राहतात. चैत्यगृहाच्या एका स्तंभाचे दान पैठणच्या मितदेवाचे आहे आणि तो ‘गांधिक’ कुळातला, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. एका यक्षमूर्तीवर कण्हदास नावाच्या सोनाराने ती घडवल्याची नोंद आहे. आणखी एका लेखात दाता आहे ‘राजवैद्य’ मगिल.

एक गंधी, एक सोनार आणि एक वैद्य. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या यादीत व्यापाऱ्याशेजारी वैद्य बसलेला दिसतो, हा योगायोग नव्हे. ज्या वाटेने माल जाई, त्याच वाटेने भिक्षू, औषधी आणि रोग बरे करण्याची विद्याही जाई. ही विद्या बौद्ध भिक्षूंबरोबर पूर्वेकडे समुद्रापार गेली, तेथील देशी उपचारांत मिसळली आणि सयाम देशात तिने एक नवे रूप घेतले. आज जगभर ‘थाई मसाज’ या नावाने ओळखली जाणारी मर्दनविद्या ती हीच. मगिलाचा आणि सयामचा थेट संबंध होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु दोघांची परंपरा मात्र एका नावापाशी येऊन मिळते. ते नाव म्हणजे जीवक.

थायलंडमधील मर्दनकार काम सुरू करण्यापूर्वी हात जोडून ‘शिवागो कोमारपाज’ यांना वंदन करतो. हा म्हणजे पाली ग्रंथांतील जीवक कोमारभच्च, राजगृहाचा वैद्य. उकिरड्यावर टाकून दिलेल्या या अर्भकाला उचलून वाढवले ते राजा बिंबिसाराचा पुत्र अभय याने. बिंबिसार म्हणजे आपल्या आगमांतील राजा श्रेणिक आणि अभय हे नाव तर आपल्या घराघरातले. दिवाळीला वहीपूजन करताना पहिल्या पानावर आपण ज्याच्या बुद्धीची याचना लिहितो, तो अभयकुमारही श्रेणिकाचाच पुत्र. दोन परंपरांत त्याच्या मातेचे नाव वेगळे आहे, कथाही वेगळ्या आहेत. पण पिता एक आणि नगरीही एकच.

जीवकाची एक कथा व्यापारी घरांनी अवश्य ऐकावी अशी आहे. तक्षशिलेत सात वर्षे शिकून परतताना वाटेत साकेत नगरीत एका श्रेष्ठीची पत्नी सात वर्षांच्या डोकेदुखीने त्रस्त असल्याचे त्याला कळले. त्याने औषधी तूप सिद्ध करून नाकावाटे दिले. तोंडातून बाहेर आलेले तूप तिने दासीला कापसाने टिपून ठेवायला सांगितले. ही बाई एवढी कृपण, तर आपली दक्षिणा कसली मिळणार, असे जीवकाच्या मनात आले. ती म्हणाली, आम्ही गृहस्थ माणसे. हे तूप नोकरांच्या पायांना चोळायला किंवा दिव्यात घालायला उपयोगी पडेल. ती बरी झाली आणि तिने, मुलाने, सुनेने व पतीने प्रत्येकी चार हजार कार्षापण दिले. काटकसर आणि औदार्य एकाच घरात कसे नांदते, ते या कथेत दिसते. शिवाय कष्टकऱ्याचे पाय चोळणे ही त्या काळी घरातील नित्याची गोष्ट होती, हेही कळते.

बँकॉकमध्ये या विद्येचे माहेर म्हणजे वाट फो हे मंदिर. सेहेचाळीस मीटर लांबीच्या शयनस्थ बुद्धमूर्तीमुळे प्रवासी तेथे गर्दी करतात. मंदिराच्या औपचारिक नावात ‘चेतुफोन’ असा शब्द आहे. तो ‘जेतवन’ या शब्दाचा थाई उच्चार. श्रावस्तीचे जेतवन अनाथपिंडक या व्यापाऱ्याने जमिनीवर सुवर्णनाणी अंथरून विकत घेतले, अशी कथा प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात तिसरे राम या राजाने वाट फोचा जीर्णोद्धार करताना वैद्यकाचे ज्ञान संगमरवरी शिळांवर कोरून भिंतींत बसवले. त्यांत मानवी देहाच्या पुढच्या व मागच्या बाजूवरील दाबबिंदू दाखवणारे साठ फलक आहेत. अंगणात ‘रूसी’, म्हणजे ऋषींचे, आसनांसारख्या मुद्रांतील पुतळे आहेत. ज्ञान कुणा एका घराण्याच्या कुलुपात न ठेवता भिंतीवर सर्वांसाठी लावणे, हा त्या राजाचा मोठेपणा. येथील शिलालेखांची युनेस्कोने २०११ मध्ये जागतिक स्मृतिसंचितात नोंद केली. १९५५ मध्ये मंदिरात रीतसर विद्यालय सुरू झाले आणि २०१९ मध्ये ‘नुआद थाई’, म्हणजे थाई मर्दन, मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत आले.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, आपल्याकडे ‘मसाज सेंटर’ हा शब्द उच्चारताच सज्जन घरांत संकोच निर्माण होतो. तो अगदीच निराधार नाही. पण मूळ पद्धत अशी आहे : माणूस सैल सुती कपडे घालून जमिनीवरील गादीवर पडतो. तेल लावत नाहीत. मर्दनकार तळपायापासून आरंभ करून अंगठे, तळहात, कोपर, गुडघे यांनी देहातील ‘सेन’ नावाच्या दहा मुख्य रेषांवर दाब देत वर सरकतो. मधूनमधून हातपाय हळुवार ताणतो, वळवतो. आसन आपण करावे त्याऐवजी दुसऱ्याने आपल्याकडून करवून घ्यावे तसे. या रेषांपैकी तिघींची नावे इथा, पिंगकला आणि सुमना अशी आहेत. इडा, पिंगला, सुषुम्ना ओळखायला पंडित लागत नाही.

लाभ कोणता, हे मोजूनमापून सांगितले पाहिजे. दुकानाच्या गादीवर किंवा काउंटरमागे दिवसाचे दहा तास बसणाऱ्याची कंबर, मान व मांडीमागचे स्नायू आखडतात. दाब आणि ताण यांमुळे ते सैल होतात, सांध्यांची हालचाल मोकळी होते, मन शांत होते आणि त्या रात्री झोप चांगली लागते. हा आराम खरा आहे, पण तो काही दिवसांचा आहे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मर्दन हे व्याज आहे. मुद्दल म्हणजे रोजचे चालणे, आसने आणि मिताहार. मधुमेह, रक्तदाब, संधिवात मर्दनाने ‘बरे होतात’ असे कोणी सांगितल्यास त्याच्यापासून चार हात दूर राहावे.

काहींनी तर वैद्यकीय सल्ल्यावाचून हा प्रयोग करूच नये. हाडे ठिसूळ झालेले वृद्ध, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, पायात रक्ताची गुठळी झालेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, ताप असलेले आणि गर्भवती स्त्रिया यांना जोराचा दाब व ताण अपायकारक ठरू शकतो. पोटरी एकाच पायाची सुजलेली व दुखरी असेल तर ती चोळू नये, डॉक्टर गाठावा. थाई पद्धतीत शेकासाठी वापरल्या जाणाऱ्या पुरचुंडीत हळद व आल्याच्या जातीचे कंद असतात. ती पोटात जात नाही. तरीही ज्यांना कंदमुळाचा बाह्य वापरही नको असेल, त्यांनी आधी विचारून घ्यावे आणि साध्या मिठाचा शेक घ्यावा.

आता आपल्या परंपरेकडे वळू. पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन ज्यांनी ऐकले आहे त्यांना आठवेल की, भगवान महावीरांचे पिता राजा सिद्धार्थ सकाळी व्यायामशाळेत जातात आणि व्यायामानंतर शतपाक व सहस्रपाक तेलांनी कुशल पुरुषांकडून त्यांचे मर्दन होते. त्याचे वर्णन चतुर्विध आहे : अस्थींना सुख, मांसाला सुख, त्वचेला सुख, रोमांना सुख. आधी व्यायाम आणि मग मर्दन, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. दुसरीकडे दशवैकालिक सूत्रात साधूंसाठी जी अनाचीर्णे सांगितली आहेत त्यांत संवाहन, म्हणजे अंग चेपून घेणे, येते. देहसुखाची आसक्ती साधूला वर्ज्य.

गृहस्थाला सुख आणि साधूला त्याग, एवढ्यावरच शास्त्र थांबत नाही. आभ्यंतर तपाच्या सहा प्रकारांत तिसरे तप ‘वैयावृत्त्य’ हे आहे. आजारी, वृद्ध व तपस्वी यांची सेवा म्हणजे तप. स्वतःसाठी अंग चेपून घेणे हा भोग. थकलेल्याचे पाय चेपणे ही निर्जरा. हात तोच, क्रियाही तीच; भाव बदलला की कर्माचा हिशेब बदलतो.

आपली कुटुंबे आज सहलीला बँकॉकला जातात, तास-दोन तासांचे पैसे मोजून पाय चेपून घेतात आणि प्रसन्न होऊन येतात. त्यात गैर काही नाही. पण घरी ओसरीवरच्या खाटेवर आजोबा किंवा आजी असतात. वर्षानुवर्षे त्यांच्या पायाला नमस्कारापुरता स्पर्श होतो, तोही सणावारी. वृद्धापकाळी दुखण्याइतकाच त्रास देतो तो स्पर्शाचा अभाव. त्यावर उपाय महाग नाही. सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपले की घटकाभराने कोमट तिळाचे तेल घ्यावे, तळपायापासून गुडघ्यापर्यंत हलक्या हाताने दहा मिनिटे चोळावे, हाडावर दाब देऊ नये, आणि दुखते का ते विचारत राहावे. नातवंडांना हे काम आळीपाळीने द्यावे.

साधू-साध्वींच्या दर्शनाला गेलो की आपण न चुकता सुखसाता विचारतो. तोच प्रश्न रोज घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावा आणि उत्तर ऐकण्यासाठी त्यांच्या पायाशी थोडा वेळ बसावे.