टेस्टरचे आठ दिवे

लॅन केबलच्या टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागले की केबल चांगली, असं मी बरीच वर्षं मानत आलो. दोन्ही टोकांना तारांचा क्रम सारखा असला की झालं, तो क्रम कोणता याला महत्त्व नाही, हे मी हाताखालच्या मुलांनाही सांगायचो. आज ते मत मी सोडलं आहे. नेटवर्किंग हाच माझा पोटाचा धंदा असल्यामुळे हे सांगणं मला गरजेचं वाटतं.

मत बदललं ते एका पतसंस्थेतल्या कामाने. काउंटरवरचं एक मशीन सारखं सर्व्हरपासून तुटायचं, आणि तेही नेमकं गर्दीच्या वेळी. पोर्टचा दिवा लागलेला, पिंगला उत्तर येतंय, आणि सॉफ्टवेअर मात्र संपर्क तुटल्याचं सांगतंय. बाहेर लोक रांगेत उभे. स्विच बंद-चालू केला, ड्रायव्हर नवे टाकले, शेवटी स्विचच बदलला. केबलवर संशय घ्यायचं कारणच नव्हतं, ती टेस्टरवर पास होती. अखेर जॅक काढून पाहिला तर तारा रंगवार लावलेल्या: नारिंगी जोडी, मग हिरवी, मग निळी, मग तपकिरी. दुसऱ्या टोकालाही तंतोतंत तसंच. दिसायला अगदी नीटनेटकं काम.

पण केबलमधल्या जोड्यांना पीळ दिलेला असतो तो उगीच नाही. जोडीतल्या दोन तारांवर एकच संदेश उलटसुलट जातो. बाहेरचा उपद्रव पिळामुळे दोन्हींवर जवळजवळ सारखाच बसतो आणि पलीकडचं यंत्र दोन्हींतला फरक तेवढा वाचतं, म्हणून तो उपद्रव वजा होतो. यंत्र ३ आणि ६ या पिना एक जोडी धरतं. रंगवार लावलं की ३ वर हिरव्या जोडीतली तार येते आणि ६ वर निळ्या जोडीतली. तार कुठे तुटलेली नसते, त्यामुळे टेस्टरचे दिवे लागतात; पण त्या संदेशापुरता पीळ उरत नाही आणि शेजारच्या जोडीचा गोंगाट आत शिरतो.

विंडोजचा साधा पिंग ३२ बाइटचा. एवढासा तुकडा बऱ्याचदा सुखरूप पोचतो. १५०० बाइटचं भरलेलं पाकीट वाटेत बिघडायची शक्यता कितीतरी जास्त. बिघडलेलं पाकीट स्विच कुणालाही न कळवता टाकून देतो. पाठवणारं मशीन वाट पाहतं, पुन्हा पाठवतं, दर वेळी वाट पाहण्याचा काळ वाढवतं; तेवढ्यात सॉफ्टवेअरची मुदत संपते आणि कनेक्शन तुटतं. गर्दीच्या वेळी अशी भरलेली पाकिटं जास्त धावतात; गर्दीतच का तुटायचं, याचा उलगडा मला इथे झाला.

प्रत्येक वेळी दोष केबलचाच असतो असं नाही. मशीनला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर डीएचसीपीकडे, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे बघावं. कुणी घरचा वायफाय राऊटर आणून नेटवर्कला जोडला की तोही पत्ते वाटायला लागतो, हे नेहमीचं आहे. पण आता मी आधी १४०० बाइटचा पिंग चालू ठेवतो, मॅनेज्ड स्विच असेल तर त्या पोर्टवरचे सीआरसी एररचे, म्हणजे बिघडलेल्या पाकिटांचे आकडे पाहतो आणि जॅक डोळ्यांनी तपासतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबलही दिव्यांच्या परीक्षेत पास होते, म्हणून तारेचं टोक खरवडूनही बघतो.

रंगवार जॅक लावणाऱ्या वायरमनला मी निष्काळजी म्हणणार नाही. क्रम सगळे सांगतात, त्यामागचं कारण त्याला कुणीच सांगितलेलं नसतं.

तुमच्या ऑफिसात नवं वायरिंग झालं असेल तर बिल चुकतं करण्याआधी प्रत्येक जॅक उजेडात धरा. क्लिप खाली ठेवून डावीकडून हा क्रम दिसायला हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. काही ठिकाणी नारिंगी आणि हिरव्याची अदलाबदल असते, तीही चालते. मात्र दोन्ही टोकांना एकच पद्धत हवी. निळी जोडी मधोमध नसेल, तर टेस्टर काहीही दाखवो, तो जॅक कापून नवा लावायला सांगा.