होकाराचा अर्थ



परदेशातील वास्तव्याविषयी कोणी बोलू लागले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बर्फ, उंच मनोऱ्यांची चर्च आणि स्वच्छ रस्ते उभे राहतात. तेही मी पाहिले. परंतु त्या सहा महिन्यांतून माझ्याबरोबर जे आले, ते एका लहानशा शब्दाशी निगडित आहे. तो शब्द म्हणजे 'हो'.

पदव्युत्तर शिक्षणातील एक सत्र मी जर्मनीतील लाइपझिग या शहरात घालवले. हे ग्रंथांचे शहर. येथील विद्यापीठ 1409 साली स्थापन झाले. जर्मन भाषेत प्रसिद्ध होणारे सर्व साहित्य जतन करण्यासाठी 1912 साली येथे एक मोठे ग्रंथालय उभे राहिले. वर्गातील अभ्यासाच्या जोडीने प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेणे मला आवश्यक होते. त्याला तेथे 'प्राक्टिकुम' म्हणतात. शहरातील एका ग्रंथालयात आठवड्यातून दोन दिवस मला काम मिळाले. भारतीय भाषांतील पुस्तकांची शीर्षके रोमन लिपीत लिहून त्यांच्या नोंदी करणे, हे ते काम. त्यांत मराठी पुस्तकेही होती. मी मनोमन सुखावले. आपल्याच भाषेचे काम, त्यात अवघड ते काय असणार?

नवी संस्कृती पहिल्या काही दिवसांत लहानसहान गोष्टींतून भेटते. रविवारी दुकाने बंद असतात, हे मला घरातला पाव संपल्यावर कळले. रस्त्यावर एकही वाहन नसताना लाल दिव्यापाशी शांतपणे थांबलेली माणसे दिसली. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडू लागला. कार्यालयात सर्व जण एकमेकांना 'झी' म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत 'तुम्ही'. 'डू', म्हणजे 'तू', म्हणायचे तर वडीलधाऱ्याने तसे सुचवावे लागते. आपल्याकडे 'अहो'वरून 'अगं'वर आपण कधी आलो, हे पुष्कळदा आपल्यालाही कळत नाही. या साऱ्याची मौज वाटे. घरी फोनवर मी हे किस्से रंगवून सांगत असे, आणि आईने "सगळं बरं आहे ना?" असे विचारले, की "हो, हो" म्हणत असे.

पहिल्याच आठवड्यात विभागाच्या प्रमुख बाईंनी मला नोंदीचे नियम समजावून सांगितले. त्यांचे जर्मन भरभर चाले. मला निम्मे कळले, निम्मे निसटले. तरी प्रत्येक वाक्याला मी मान हलवून 'या, या', म्हणजे 'हो, हो', म्हणत राहिले. त्या समाधानाने निघून गेल्या आणि मी कामाला लागले.

तीन आठवड्यांनी त्यांनी मला बोलावले. समोर माझ्या नोंदींची छापील यादी होती. "हे चुकले आहे," त्या म्हणाल्या. प्रस्तावना नाही, आवाज चढवणे नाही. नियम असा होता, की शीर्षक उच्चाराप्रमाणे नव्हे, तर लिपीप्रमाणे लिहावयाचे. मराठीत आपण 'घर', 'गाव', 'समाज' या शब्दांतील शेवटचा 'अ' लिहितो, पण उच्चारत नाही. त्यांच्या पद्धतीत तो 'अ' रोमन लिपीत लिहिणे आवश्यक होते. मी मात्र कानाला जसे येते तसे लिहीत गेले होते. दीडशेहून अधिक नोंदी चुकल्या होत्या. जी भाषा माझी म्हणून मी निर्धास्त होते, तिच्यातच मी चुकले होते. ग्रंथालयात चुकीची नोंद झालेले पुस्तक हे हरवलेलेच पुस्तक. ते फडताळात असते, पण शोधणाऱ्याला सापडत नाही.

मग त्यांनी विचारले, "तुम्हाला समजले नव्हते, तर तुम्ही 'हो' का म्हणालात?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मोडक्या जर्मनमध्ये मी सांगू लागले, की आमच्याकडे कोणी बोलत असताना 'हो, हो' म्हणणे म्हणजे 'मी ऐकते आहे' एवढेच असते. तो हुंकार आहे, कबुली नव्हे. हे बोलता बोलता मलाच जाणवले, की मी अर्धेच सत्य सांगते आहे. मला न कळल्याची लाज वाटली होती, आणि त्या हुंकाराआड मी ती लपवली होती. मी तसे सांगून टाकले.

त्या जराशा थांबल्या. त्यांचे तरुणपण पूर्व जर्मनीत गेले होते. "त्या देशात सगळेच 'हो' म्हणत," त्या म्हणाल्या, "म्हणून मला खरे उत्तर आवडते." 9 ऑक्टोबर 1989 रोजी याच शहरातील सुमारे सत्तर हजार माणसे शांतपणे रस्त्यावर उतरली होती आणि त्यानंतर महिन्याने बर्लिनची भिंत खुली झाली होती. हे मी वाचले होते. त्या स्पष्टवक्तेपणाला मी तोवर केवळ रुक्षपणा समजत होते. त्यामागे असाही इतिहास असू शकतो, हे त्या खोलीत प्रथमच माझ्या लक्षात आले.

त्यानंतर दोघींनीही आपली रीत थोडी बदलली. काही सांगून झाले, की त्या 'समजले का?' असे न विचारता "आता तुम्ही काय कराल?" असे विचारू लागल्या. मी 'पुन्हा सांगाल का?' हे वाक्य न अडखळता म्हणावयास शिकले. सर्व नोंदी दुरुस्त करण्यास जानेवारी उजाडला. त्या संध्याकाळी मात्र मी आईला फोन केला आणि म्हटले, "आज माझं काम चुकलं." पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. मला वाटतच होतं."

शेवटच्या दिवसापर्यंत आम्ही एकमेकींना 'झी'च म्हणत राहिलो. 'डू' त्यांनी सुचवले नाही आणि मला त्याची उणीवही वाटली नाही. विश्वास सर्वनामावर अवलंबून नसतो.

मित्रहो, तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, घर, शेती सांभाळून हा अभ्यास करीत आहात. कित्येक वर्षांनी पुस्तक हाती घेणे, हेही एका नव्या मुलखात पाऊल ठेवणेच आहे. तेथील भाषा आरंभी निम्मीच कळते, आणि आपल्याहून लहान विद्यार्थ्यांसमोर 'मला कळले नाही' म्हणणे कठीण जाते. पुढच्या संपर्क सत्रात समंत्रकांनी 'समजले का?' असे विचारले आणि नेहमीप्रमाणे 'हो' ओठांवर आले, तर क्षणभर थांबा. तो हुंकार आहे की कबुली, एवढे स्वतःला विचारा. मला हे विचारावयास सहा हजार किलोमीटर दूर जावे लागले. तुम्हाला हात वर करणे पुरेल.