जळकोटच्या माळावरची चांदमारी

उदगीर सोडून एस.टी. जळकोटच्या वाटेला लागली की बालाघाटाचे चढउतार सुरू होतात. वर मुरमाड, दगडाळ माळ आणि खाली काळीची शेते. मार्गशीर्षाचे दिवस होते. सोयाबीन केव्हाच निघाले होते. तूर मात्र माणसाच्या उंचीची होऊन शेंगांनी लगडली होती.

बहिणीच्या घरी चहा होतो न होतो तोच भाच्याने छर्‍याची बंदूक पुढे केली. "मामा, चला शेतात. माझा नेम बघा."

बांधाच्या दगडांवर रिकामा डबा ठेवलेला. आळीतली चार पोरे भोवती गोळा झालेली. पहिला छर्रा डब्याला लागला. दुसरा चुकला, दगडावर टण्‌ दिशी वाजला आणि बाजूला उभ्या असलेल्या पोराच्या गालावर येऊन बसला. रक्ताचा ठिपका उमटला. डोळा तिथून दोन बोटांवर होता! आरडाओरडा ऐकून बांधापलीकडच्या तुरीतून दोघीजणी विळे घेऊन उठल्या. त्यांतली एक माझी बहीण होती. भाच्याचे तोंड पांढरे पडले.

मंडळी, नेम कशावर धरला हे सगळेच बघतात; नेमामागे काय आहे हे कोणी बघत नाही. साधा छर्राही मोकळ्या रानात दोन-तीनशे मीटर जाऊ शकतो. पॉइंट टू-टू रायफलीची गोळी तर दोन किलोमीटरची मजल मारते. आणि उभ्या तुरीत माणूस दिसत नाही.

दुसरे भय उसळण्याचे. तळ्यावर चपटा खडा तिरपा फेकला की तो टप्पे घेत पलीकडे जातो. गोळीचेही तसेच, पाणी, दगड, कडक जमीन यांवर तिरपी आपटली की ती दिशा बदलून उसळते. शिशाचा छर्रा कठीण जागी बराचसा चपटा होतो, तरी त्याचे तुकडे उडतात. पोलादी गोल छर्रा तर सरळ मागे फिरतो. म्हणून दगडी बांध, विहिरीचे कठडे, पत्र्याची पिंपे, लोखंडी खांब यांवर कधीही नेम धरू नये.

पलटणीच्या चांदमारीत निशाणामागे मातीचा उंच ढिगारा असतो, तो याचसाठी. आम्हीही दुसर्‍या दिवशी फावडी घेतली. मागे टेकडीची चढण येईल, वाट-वस्ती येणार नाही अशी जागा निवडली. माती चाळून खडे काढले आणि पुरुषभर उंचीचा जाड ढीग घातला. त्याची तोंडाकडची बाजू शक्य तितकी उभी ठेवली, कारण उतरत्या बाजूवरून गोळी वर सटकते. निशाण ढिगाच्या माथ्यावर नाही, पोटाशी लावले. पावसाने खडे उघडे पडले की वेचायचे आणि उन्हाळ्यात माती दगडासारखी झाली की खणून भुसभुशीत करायची, असे ठरले.

नियमही ठरले. बघणार्‍यांनी नेम धरणार्‍याच्या मागे उभे राहायचे. डोळ्यांना चष्मा हवाच. मोठे माणूस जवळ असल्याशिवाय बंदुकीला हात नाही. खेळ संपला की हात साबणाने धुवायचे, कारण शिसे विषारी.

लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेला किंवा दुसर्‍या कुठल्याही जत्रेला गेलात आणि फुगे फोडायचे दुकान दिसले, तर आधी फुग्यांमागे नजर टाका. गोणपाट किंवा जाड कापड सैल टांगलेले असेल तर ठीक. नुसता पत्रा असेल तर पोरांना दूर ठेवा.

खेळ वाईट नाही. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक आणले. तोही खेड्यातलाच. पण तो नेम धरतो ते बंदिस्त, राखलेल्या जागी.

निघताना भाचा एस.टी.पर्यंत आला. म्हणाला, "मामा, आता आधी तुरीत हाक मारून येतो, मगच बंदूक काढतो."